ऑलिंपिकवीर कै. खाशाबा जाधव

आपल्या हिंजवडीचे रूप गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पार पालटून गेले आहे. जेथे पूर्वी भाताची व उसाची शेते डोलत होती तेथे आज संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि ज्या वाटेने पहाटे बैलजोडी शेताकडे निघे त्या वाटेवर आता मोटारींची रांग संपता संपत नाही. तथापि एक गोष्ट या मुळशी-मावळच्या पट्ट्यातून अद्यापि गेलेली नाही. ती म्हणजे कुस्तीची आवड. उन्हाळ्याच्या तोंडावर गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की कुस्त्यांचे फड भरतात, हलगी कडाडू लागते, आणि आमच्या शाळेतील कित्येक मुले दुसऱ्या दिवशी वर्गात बसतात ती कानात तांबड्या मातीचे कण घेऊनच.

गतवर्षी अशाच एका यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात सहज विचारले की स्वतंत्र भारताला ऑलिंपिक सामन्यांतील पहिले वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिले. कोणी हॉकीच्या खेळाडूंची नावे घेतली, कोणी टेनिसपटूचे, कोणी नेमबाजाचे. खाशाबा जाधव हे नाव केवळ एका विद्यार्थ्याने सांगितले, व तेही त्याचे आजोळ कऱ्हाडकडचे होते म्हणून. ज्या पुरुषाचे नाव कुस्तीच्या फडात रमणाऱ्या मुलांनाही ठाऊक नसावे त्याचे चरित्र आपल्या वार्षिकात यावे असे मला तेव्हाच वाटले, आणि म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर या खेडेगावी झाला. वडील दादासाहेब हे शेतकरी असून स्वतः नामांकित पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालमीचे वातावरण असल्यामुळे मूल चालू लागते न लागते तोच मातीशी त्याची गाठ पडली, आणि वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यास डावपेच शिकविण्यास आरंभ केला. आठव्या वर्षी या मुलाने त्या भागातील एका नाणावलेल्या मल्लास दोन मिनिटांत अस्मान दाखविले अशी आठवण सांगतात. देहयष्टी लहानसर, परंतु अंगी चपळाई अशी की मोठ्या मल्लाच्या हातात ती मूर्ती सापडतच नसे. पुढे परदेशी लोकांनी त्यांस खिशात मावणारे विद्युद्यंत्र अशा अर्थाचे टोपणनाव दिले, ते याच गुणामुळे.

१९४० ते १९४७ या काळात खाशाबांचे शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. पैलवान म्हटला की तो अभ्यासात मागे असावयाचा अशी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे. खाशाबांच्या बाबतीत ती खरी नव्हती. तालमीतील मेहनत सांभाळून ते परीक्षांतही चांगले गुण मिळवीत असत. त्याच सुमारास १९४२ ची चळवळ सुरू झाली. सातारा जिल्हा तर त्या लढ्याचे एक मोठे ठाणेच होता, व क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारची सत्ता तेथील खेड्यापाड्यांतून चालत होती. शाळकरी खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देण्याचे व त्यांची पत्रे पोचविण्याचे काम केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा एकवीस वर्षांच्या या तरुणाने मनाशी निश्चय केला की आता आपल्या देशाचे निशाण ऑलिंपिकच्या मैदानावर फडकवावयाचे.

निश्चय करणे सोपे असते, त्याची किंमत मोजणे कठीण. खाशाबांच्या बाबतीत ही किंमत शब्दशः रुपये-आण्यांत मोजावी लागली, व ती कोणी कशी मोजली हेच या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण होय.

माध्यमिक शिक्षणानंतर खाशाबा कोल्हापुरास राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे मल्लविद्येस राजाश्रय दिला, तालमी चालविल्या, व हजारो प्रेक्षक बसतील असे खासबागेचे भव्य मैदान बांधिले. अशा नगरीत बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्यासारख्या जाणत्या वस्तादांच्या देखरेखीखाली खाशाबांची कला फुलली. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याचे मस्तक बगलेत धरून त्यास हिसक्यासरशी उलथून टाकण्यात त्यांचा हातखंडा होता.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. महायुद्धामुळे बारा वर्षे खंडित झालेली ही परंपरा पुनः सुरू होत होती, आणि स्वतंत्र भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा खर्च दिला व खाशाबा विलायतेस गेले. तेथे त्यांच्यापुढे एक अगदीच निराळी अडचण उभी राहिली. आपली कुस्ती मातीवरची. तीत घड्याळ नसते. पाठ मातीस लागेपर्यंत झुंज चालू राहते, आणि बलाढ्य मल्ल प्रतिस्पर्ध्यास दमवून दमवून अखेर चीत करतो. ऑलिंपिकची कुस्ती मात्र गादीवरची. तेथे वेळ ठरलेली, प्रत्येक पकडीस गुण ठरलेले, व पंचांचा कौल अखेरचा. मातीत पाय घट्ट रोवण्याची सवय झालेल्या मल्लास गादीवर पायाखालची जमीनच परकी वाटते. खाशाबांनी गादीवरची कुस्ती खऱ्या अर्थाने केली ती लंडनमध्येच. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाने त्यांस तेथे मार्गदर्शन केले. एवढ्या तुटपुंज्या तयारीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यास काही मिनिटांतच हरविले, अमेरिकेच्या बिली जर्निगन याजवर मात केली, व इराणच्या मन्सूर रईसीकडून हार पत्करून फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला. पहिल्याच खेपेस जगात सहावा येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु खाशाबांस त्यात समाधान वाटले नाही. लंडनहून ते परतले ते पुढील चार वर्षांचा कार्यक्रम मनात आखूनच.

ती चार वर्षे त्यांनी अखंड मेहनतीत घालविली. या वेळी ५२ किलोंच्या फ्लायवेट गटाऐवजी ५७ किलोंच्या बँटमवेट गटात, म्हणजे आपल्याहून भारी मल्लांशी, लढावयाचे त्यांनी ठरविले. १९५२ चे सामने फिनलंड देशाच्या हेलसिंकी या राजधानीत होणार होते. तथापि तेथे पोचण्यापूर्वीच त्यांस दोन झुंजी स्वदेशात खेळाव्या लागल्या.

पहिली झुंज निवडीची. निवड सामन्यांत एका गुणाच्या फरकाने आपणांस डावलण्यात आले व हा निर्णय न्याय्य नाही असे खाशाबांचे म्हणणे होते. ते मुकाट्याने घरी बसले नाहीत, व नुसता आरडाओरडाही त्यांनी केला नाही. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष पतियाळाचे महाराज यादविंद्रसिंह यांजकडे त्यांनी दाद मागितली. पुनः लढत घेण्यात आली, आणि त्या लढतीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यास स्वच्छ चीत करून आपला हक्क शाबीत केला. चितपट कुस्तीत गुणांचा वाद उरत नाही.

दुसरी झुंज याहून अवघड होती, व ती होती पैशांची. हेलसिंकीचा खर्च मल्लानेच उभारावयाचा होता. सरकारदरबारी केलेल्या विनंत्यांस वेळेवर यश आले नाही. तेव्हा गोळेश्वरच्या व कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली. दुकानदारांनी दिले, शेतकऱ्यांनी दिले, ज्याला जे झेपले ते त्याने दिले. तरीही रक्कम पुरी होईना. अशा वेळी राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले, व सात हजार रुपये उभे करून या विद्यार्थ्याच्या हाती दिले. १९५२ सालचे सात हजार रुपये म्हणजे एखाद्या शिक्षकाची कित्येक वर्षांची प्राप्ती. आपल्या विद्यार्थ्यास पदक मिळेल याची कोणतीही हमी नसताना एका गुरूने डोक्यावरचे छप्पर पणास लावावे, ही गोष्ट मी शिक्षकाच्या पेशात असल्यामुळे असेल, पण जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा तेव्हा माझे मस्तक नम्र होते.

हेलसिंकी येथे ६९ राष्ट्रांचे खेळाडू जमले होते. सोव्हिएत रशिया प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला होता. झेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने लांब पल्ल्याच्या तिन्ही शर्यती जिंकून जगास थक्क केले ते याच सामन्यांत. कुस्तीच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडाच्या अद्रियाँ पोलिकँ यास चीत केले, मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तो यासही चीत केले, व जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झ यास गुणांवर हरविले. आता पदकाच्या वाटेवर दोनच मल्ल उरले: जपानचा शोहाची इशी व रशियाचा रशीद मम्मदबेयोव्ह.

इशीबरोबरची झुंज प्रदीर्घ व अतिशय अटीतटीची झाली. पूर्ण वेळ झगडूनही अगदी थोडक्या फरकाने निकाल खाशाबांच्या विरुद्ध गेला. ते थकून गादीवरून खाली उतरतात न उतरतात तोच रशियन मल्लाशी ताबडतोब लढण्याचा हुकूम आला. वास्तविक दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मल्लास मिळाली पाहिजे असा नियम होता. तो नियम दाखवून भांडावयास खाशाबांच्या बाजूने त्या वेळी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. त्यांस स्वतःला परभाषेत वाद घालता येण्यासारखी ती वेळ नव्हती. थकल्या अंगाने ते पुनः गादीवर चढले व हरले. इशीने सुवर्णपदक मिळविले, मम्मदबेयोव्हने रौप्य, व खाशाबांच्या वाट्यास कांस्य आले. ती तारीख २३ जुलै १९५२. अर्ध्या तासाची विसावणूक मिळती तर त्या पदकाचा रंग कदाचित निराळा असता. परंतु कदाचितच्या गोष्टींवर चरित्र लिहिता येत नाही, आणि स्वतः खाशाबांनीही आपले उर्वरित आयुष्य त्या हळहळीवर काढले नाही. त्याच सामन्यांत कोल्हापूरचे दुसरे मल्ल केशव माणगावे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले व ते चौथे आले, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे. एकाच नगरीतल्या तालमींनी एकाच ऑलिंपिकला असे दोन मल्ल पुरविले.

तोपर्यंत ऑलिंपिकमध्ये भारताचे नाव होते ते हॉकीच्या संघामुळे. १९०० साली पॅरिस येथे नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्यात दोन रौप्यपदके मिळविली होती खरी, पण तो काळ इंग्रजी अमदानीचा. स्वतंत्र भारताच्या नावाने एकट्याच्या बळावर पदक मिळविणारा पहिला पुरुष म्हणजे गोळेश्वरचा हा शेतकऱ्याचा मुलगा.

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडकरांच्या आनंदास पारावार राहिला नाही. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-लेझीम, गुलाल आणि फटाके यांच्या गजरात निघालेली ही मिरवणूक एऱ्हवी पाव तासाच्या असणाऱ्या वाटेवर सात तास चालली होती. विमानाने परतणाऱ्या विजयी वीरांची स्वागते आपण आज चित्रपटलावर पाहतो. त्या दिवशी मात्र ज्यांनी घामाचे चार पैसे दिले होते तेच लोक आपले बैल जुंपून त्यास आणावयास आले होते.

आणि आता या चरित्रातील ती गोष्ट, जी मला पदकाहूनही मोठी वाटते. मिरवणूक संपली, हार सुकले. एखादा सामान्य मनुष्य असता तर विजयाच्या गौरवात रमला असता, आणि घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्यांनीही त्यास क्षमा केली असती. खाशाबांनी तसे केले नाही. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे सामने भरविले, स्वतः त्यात लांग चढवून उतरले, व त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे कर्ज फेडून त्यांचे घर सोडवून दिले. जगातला तिसरा मल्ल ठरलेला हा वीर पुनः मातीत उतरला, तो नाव मिळविण्यासाठी नव्हे, तर ऋण फेडण्यासाठी. आपण ज्याला प्रामाणिकपणा म्हणतो त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माझ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवता येणार नाही.

पुढे १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून दाखल झाले. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकची त्यांची तयारी चालू होती, पण गुडघ्यास दुखापत झाली व ती आशा मावळली. खात्यांतर्गत स्पर्धांत त्यांनी यश मिळविले, तरुण शिपायांस कुस्ती शिकविली, व सत्तावीस वर्षांहून अधिक काळ निष्ठेने नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त या हुद्द्यावरून १९८३ मध्ये ते निवृत्त झाले. परंतु ज्याने दुसऱ्याचे देणे असे तत्परतेने फेडले त्याचे देणे फेडण्याची तत्परता इतरांनी दाखविली नाही. बढती उशिरा मिळाली. निवृत्तिवेतनासाठी त्यांस झगडावे लागले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत ज्योत घेऊन धावण्याचा मान त्यांस मिळाला, एवढाच काय तो जिवंतपणी झालेला मोठा गौरव. गोळेश्वर येथील आपल्या घरास त्यांनी ऑलिंपिक निवास असे नाव दिले होते. त्या घरापाशी थांबून चौकशी करणारे त्या काळी फार नव्हते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांचे वय अवघे अठ्ठावन्न वर्षांचे होते.

मृत्यूनंतर मान मिळाले. १९९२-९३ सालचा शिवछत्रपती पुरस्कार महाराष्ट्र शासनाने त्यांस मरणोत्तर दिला. पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या गावी कुस्तीचे संकुल उभारण्याचे ठरले, पण ते काम इतके रखडले की २०१७ साली त्यासाठी पदकाचाच लिलाव करण्याचा विचार कुटुंबीयांनी बोलून दाखविला. ज्या पदकासाठी एका गुरूने घर गहाण टाकले ते पदक विकावयास काढण्याची भाषा घरच्यांच्या तोंडी यावी, याहून आपल्या समाजास लाजिरवाणे काय असू शकेल? २०२४ सालापासून १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्यात येऊ लागला. उशिरा का होईना, ऋणाचा एक हप्ता फिटला असे म्हणावे.

खाशाबांनंतर भारतास दुसरे वैयक्तिक पदक मिळावयास चव्वेचाळीस वर्षे लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य मिळविले. २००० साली सिडनीस कर्णम मल्लेश्वरी यांनी वजन उचलण्याच्या स्पर्धेत कांस्य मिळवून ऑलिंपिक पदक मिळविणारी पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान पटकावला. कुस्तीतील दुसरे पदक २००८ साली बीजिंग येथे सुशीलकुमार यांनी आणले, म्हणजे खाशाबांच्या नंतर छप्पन्न वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या मातीस दुसरे वैयक्तिक पदक पाहावयास तर बहात्तर वर्षे थांबावे लागले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे नेमबाजीत कांस्य मिळविणारे स्वप्नील कुसळे हेही कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे. त्यांचा सराव झाला तो आपल्या शेजारी, मुळा नदीपलीकडे बालेवाडीस असलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात. आमच्या शाळेतील पुष्कळ मुले सुट्टीच्या दिवशी तेथे सामने पाहावयास जातात. १९९४ च्या राष्ट्रीय सामन्यांसाठी बांधलेली ती प्रशस्त मैदाने पाहताना विद्यार्थ्यांनी इतके ध्यानात आणावे की खाशाबांपाशी यातले काहीही नव्हते. लंडनला जाईपर्यंत नीट गादीसुद्धा नव्हती.

पालकांसही दोन शब्द सांगण्याचे धाडस करतो. आपल्या मुलाच्या अंगी एखादा गुण दिसतो तेव्हा त्यापासून मिळकत काय होईल हा प्रश्न आपल्या मनात प्रथम येतो. तो येणे स्वाभाविकही आहे, कारण संसार कोणास सुटला आहे? परंतु गोळेश्वरच्या शेतकऱ्यांनी व कऱ्हाडच्या दुकानदारांनी तो प्रश्न विचारला असता तर हेलसिंकीला आपले निशाण वर चढले नसते. सर्वांनीच घर गहाण टाकावे असे कोणी म्हणणार नाही. पण मूल पहाटे उठून तालमीला, मैदानावर किंवा वाचनालयात जाऊ पाहत असेल तर त्याच्या वाटेत आडवे न येणे एवढे तरी प्रत्येकास करता येण्यासारखे आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी फार थोडे ऑलिंपिकला जातील. कदाचित कोणीच जाणार नाही. परंतु आपल्या शिक्षणासाठी कोणीतरी काहीतरी गहाण टाकलेले असते, ही गोष्ट मात्र आपणां प्रत्येकाच्या बाबतीत खरी आहे. कोणाच्या आईने दागिना मोडलेला असतो, कोणाच्या वडिलांनी जमिनीचा तुकडा विकलेला असतो, कोणाचा थोरला भाऊ शाळा सोडून कामाला लागलेला असतो. आज संध्याकाळी घरी गेल्यावर ते काय होते याची चौकशी अवश्य करावी. यश मिळाल्यावर प्रथम कोणाकडे जावयाचे हे मग निराळे सांगावे लागणार नाही. खाशाबा मिरवणुकीतून उतरले आणि कर्ज फेडण्याच्या कामाला लागले, एवढे स्मरणात ठेविले तरी पुरे.